हिवाळ्यात आखलेले लोहमार्ग

महाराष्ट्रात हिवाळा हा माणसाला घराबाहेर काढणारा ऋतू आहे. शेतावरचा हुरडा, गडकिल्ल्यांच्या सहली, गावोगावच्या जत्रा या साऱ्या याच दिवसांतल्या. माणसाला घरात कोंडून घालण्याचे काम इकडे पाऊस करतो. उत्तर युरोपात आणि उत्तर अमेरिकेत मात्र ते काम थंडीकडे आहे. दुपारी चारच्या सुमारास मावळणारा सूर्य, दाराशी साचलेले बर्फ आणि लांबच लांब रात्र यांमुळे तेथील गृहस्थाला वर्षातील चार-पाच महिने घरातच मन रमविण्याचे साधन शोधावे लागते. अशा साधनांपैकी एक म्हणजे छोट्या आगगाड्यांचा छंद. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. परंतु त्याचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे असे दिसून येते की, खेळण्याची कला बनली ती इंजिनांच्या सुबकपणामुळे तितकी नव्हे, जितकी आधी आखणी करण्याच्या सवयीमुळे बनली.

प्रारंभी ही इंजिने एकेकटी असत. पत्र्याचे वा पितळेचे इंजिन घ्यावे, जमिनीवर ढकलावे किंवा किल्ली देऊन सोडावे, आणि ते भिंतीला आपटले म्हणजे पुन्हा उचलून आणावे, एवढाच तो खेळ होता. त्यास निराळे वळण लागले ते १८९१ साली. दक्षिण जर्मनीतील गोपिंगेन गावच्या मेर्कलिन या खेळणी बनविणाऱ्या घराण्याने त्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत इंजिन व डबे यांच्याबरोबर रुळांचे सुटे तुकडे, सांधे आणि इतर सरंजाम यांचा एक मेळ मांडला. रुळांमधील अंतरालाही त्यांनी ठराविक क्रमांक दिले. या गोष्टीचे महत्त्व व्यापारापुरते नव्हते. या वर्षी नाताळात घेतलेल्या रुळांना पुढच्या वर्षीचे रूळ बिनचूक जुळणार, ही खात्री मुलाला व त्याच्या बापाला प्रथमच लाभली. नाताळच्या झाडाभोवती फिरणाऱ्या गाडीला पुढच्या हिवाळ्यात एक फाटा, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक स्टेशन, असा विचार करणे शक्य झाले. योजनेचे बीज पडले ते येथे.

इंग्लंडात या बीजाला निराळे पाणी मिळाले. नॉर्दम्प्टन येथील बॅसेट-लोक यांनी १८९९ साली आपला व्यवसाय सुरू केला. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात जर्मन कारागिरांचे काम पाहून त्यांनी न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीकडून इंग्रजी इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती करवून घेतल्या. हेन्री ग्रीनली यांच्यासारखा कुशल अभियंता त्यांना आराखड्यांसाठी लाभला. गिऱ्हाइकाला आता नुसती गाडी नको होती. रोज स्टेशनवर दिसणारी तीच गाडी, तेच रंग आणि तेच आकार हवे होते. या कारखान्याच्या कीर्तीचा एक नमुना हिंदुस्थानातही आला. मूळचे सातारा भागातील कण्हेरखेडचे असलेल्या शिंदे घराण्याच्या ग्वाल्हेर येथील जयविलास राजवाड्यात भोजनाच्या लांबलचक मेजावरून पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया फिरवीत नेणारी जी चांदीची गाडी आहे, ती याच नॉर्दम्प्टनची. अर्थात ही राजेरजवाड्यांची हौस झाली. मध्यम स्थितीतल्या घरांत हा छंद नेला तो लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी. ‘मेकॅनो’ या जोडखेळण्याने आधीच घरोघर पोहोचलेल्या या गृहस्थांनी १९२० साली किल्लीच्या आगगाड्या बाजारात आणल्या.

लंडनमध्ये मॉडेल रेल्वे क्लब स्थापन झाला तो १९१० च्या डिसेंबरात. पुढे या मंडळाचे वार्षिक प्रदर्शन इस्टरच्या सुमारास वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये भरू लागले, आणि ते अनेक दशके चालले. प्रदर्शनाची ही वेळ ध्यानात घेण्याजोगी आहे. हिवाळ्याच्या रात्री जागून जे केले ते वसंतात चारचौघांपुढे मांडावयाचे, असा एक क्रमच त्यायोगे पडून गेला. शेतकऱ्याला जसा पेरणीचा व सुगीचा काळ असतो, तसा या छांदिष्टांनाही तो लाभला.

तथापि, मोठी अडचण जागेची होती. ३२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग बसविण्यास शहरातील खोली अपुरी पडे. १९२२ साली बिंग कंपनीने जवळजवळ निम्म्या रुंदीची, टेबलावर मावेल अशी गाडी काढली. १९३८ साली हॉर्नबी यांच्या कारखान्यातून ‘डब्लो’ या नावाच्या गाड्या निघाल्या. साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा मार्ग हळूहळू सर्वत्र रूढ झाला. युरोपात व अमेरिकेत या मार्गावर मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी प्रतिकृती चालते. इंग्लंडात मात्र त्याच रुळांवर थोडी मोठी, म्हणजे शहात्तराव्या भागाइतकी गाडी चालते. कारण इंग्रजी इंजिने मुळातच बांध्याने लहान, आणि त्या काळची विजेची मोटार त्यांच्या पोटात मावत नसे.

येथे थोडा हिशेब केला पाहिजे, कारण साऱ्या आखणीचे मूळ त्यातच आहे. सत्त्याऐंशीव्या प्रमाणात वीस मीटर लांबीचा डबा तेवीस सेंटिमीटरांचा होतो. एवढ्यावरून सर्व काही सोपे वाटेल. परंतु त्याच प्रमाणात एक किलोमीटर अंतर साडेअकरा मीटरांचे होते. चार मीटर लांबीच्या खोलीत खऱ्या मार्गाचे साडेतीनशे मीटरही पुरते मावत नाहीत. कित्येक स्टेशनांची आवारे यापेक्षा मोठी असतात. खऱ्या लोहमार्गावर तीनशे मीटर त्रिज्येचे वळण तीव्र समजतात. ते जसेच्या तसे आणावयाचे तर सात मीटर रुंद वर्तुळास जागा पाहिजे. घरातले वळण बहुधा अर्ध्या मीटर त्रिज्येच्या आतबाहेरचे असते. तात्पर्य, गाडी हुबेहूब करता येते, पण प्रदेश हुबेहूब करता येत नाही. काय घ्यावे आणि काय सोडावे, याचा निवाडा केल्यावाचून एक खिळाही ठोकता येत नाही. हा निवाडा म्हणजेच योजना होय.

या योजनेचे शास्त्र बनविले ते अमेरिकनांनी. १९३४ च्या जानेवारीत, जागतिक मंदीच्या ऐन कडाक्यात, मिशिगन सरोवराकाठच्या मिल्वॉकी शहरात अल काल्मबाख यांनी ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू केले. पुढच्याच वर्षी त्याच शहरात छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचा पहिला उद्योग म्हणजे मापे ठरविणे. तोवर एका कारखान्याची चाके दुसऱ्याच्या सांध्यावरून घसरत आणि एकाच्या डब्याची कडी दुसऱ्याच्या डब्याला अडकत नसे. गोपिंगेनच्या कारखानदाराने आपल्या मालापुरते जे केले होते, ते या संघटनेने सर्वांसाठी केले.

१९४४ साली न्यू ऑर्लिन्सचे फ्रँक एलिसन यांनी एक लेखमाला लिहून या छंदाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. त्यांच्या मते टेबलावरचा लोहमार्ग म्हणजे रंगभूमी, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. गाडी नुसती गोल गोल फिरत राहणे म्हणजे पात्राने रंगमंचावर विनाकारण येरझारा घालणे होय. मालगाडीची प्रत्येक वाघीण कोठून तरी निघाली पाहिजे आणि कोठे तरी रिकामी झाली पाहिजे. १९५६ साली लिन वेस्टकॉट यांनी एकशे एक आराखड्यांचे पुस्तक काढले. १९६३ साली जॉन आर्मस्ट्राँग यांनी आखणीची पद्धतच ग्रंथरूपाने मांडली. इंग्लंडात १९५७ साली सिरिल फ्रीझर यांनी भिंतीलगतच्या चिंचोळ्या फळीवर मावणाऱ्या गजबजलेल्या शहरी स्टेशनाचा ‘मिनरीज’ हा आराखडा प्रसिद्ध केला. लहान घरांत राहणाऱ्या लोकांना तो मोठाच आधार वाटला.

या मंडळींच्या शिकवणुकीतून हिवाळ्याचे काम एका रीतीने चालू लागले. थंडी पडू लागली की प्रथम कागद आणि पेन्सिल. त्यावर दोन याद्या करावयाच्या: बदलता न येणाऱ्या गोष्टींची एक, म्हणजे खोलीची लांबी-रुंदी, दार, खिडकी, पाण्याचे नळ, आणि मनात असलेल्या गोष्टींची दुसरी, म्हणजे घाट, बंदर, कोळशाची खाण, जंक्शन. आर्मस्ट्राँग यांनी कमीत कमी वळणाच्या मापावरून चौरस ठरवून खोलीचे तसे चौरस पाडण्याची युक्ती सांगितली. किती चौरस मावतात ते मोजले की दुसऱ्या यादीतील काय गळणार, हे तत्काळ कळते. माणसाचा हात किती लांब पोहोचतो, हाही हिशेबच आहे. साठ-सत्तर सेंटिमीटरांपलीकडे घसरलेली गाडी उचलावयास टेबलावर चढण्याचा प्रसंग येतो, आणि त्यात डोंगरांचा चुराडा होतो.

यानंतर लाकडी सांगाडा, मग रूळ, मग विजेच्या तारा, आणि सर्वांत शेवटी डोंगर, झाडे व घरे. हा क्रम उलटविणारास पश्चात्ताप ठरलेला. कारण डोंगराखालच्या बोगद्यात सांधा अडला तर डोंगर फोडावा लागतो. थंड प्रदेशात आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. खऱ्या लोहमार्गाचा शत्रू उन्हाळा; उष्णतेने रूळ फुगून वाकतात. टेबलावर बरोबर उलट घडते. हिवाळ्यात शेगडीने तापलेल्या घरातील हवा कोरडी होते, लाकूड आक्रसते, आणि दमट उन्हाळ्यात अगदी भिडवून बसविलेले रूळ जागा न उरल्याने वाकडे होतात. म्हणून रुळांच्या जोडांत मुद्दाम फट ठेवावी लागते, आणि ती किती ठेवावी हे काम कोणत्या ऋतूत चालले आहे यावर ठरते.

वेळेचाही संकोच करावा लागतो. स्टेशने एकमेकांपासून दोन-तीन मीटरांवर असल्याने प्रवास क्षणात संपतो. यासाठी वेगाने धावणारे घड्याळ वापरतात. त्यात पाच मिनिटांचा तास धरला तर संध्याकाळच्या दोन तासांत संपूर्ण दिवसरात्रीचे वेळापत्रक पार पडते. एक गृहस्थ इंजिन हाकतो, दुसरा सांधेवाला होतो, तिसरा सर्व मार्गावर नजर ठेवून हुकूम सोडतो. एका संध्याकाळच्या खेळात इतक्या शिस्तीची अपेक्षा असते.

या शिस्तीचे फळ एके ठिकाणी अनपेक्षित मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयात १९४६ साली विद्यार्थ्यांचा रेल्वे क्लब स्थापन झाला. त्यांच्या टेबलाखाली टेलिफोनच्या जुन्या भागांतून बनविलेले नियंत्रणाचे जाळे होते. कोणती गाडी कोणत्या मार्गाने न्यावयाची, याची तर्कशुद्ध मांडणी करता करता यांतील काही तरुण संगणकाकडे वळले. १९६२ सालच्या ‘स्पेसवॉर’ या संगणकावरील आरंभीच्या खेळाच्या कर्त्यांत याच क्लबातील मंडळी होती.

तरीही या छंदातील सर्वांत मर्मभेदी कथा कॅलिफोर्नियातील जॉन अ‍ॅलन यांची आहे. माँटेरी येथे आपल्या घराच्या तळघरात त्यांनी जवळजवळ वीस वर्षे खपून एक डोंगराळ लोहमार्ग उभा केला. जमिनीपासून छतापर्यंत चढत जाणारे कडे, खोल दऱ्यांवरील पूल, झीज व गंज दाखविणारे रंगकाम अशी त्याची ख्याती होती. त्यांनी घेतलेली त्याची छायाचित्रे जगभरच्या छांदिष्टांनी पाहिली. जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅलन यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच त्या घराला आग लागली आणि मार्गाचा बहुतेक सर्व भाग भस्मसात झाला. इतक्या वर्षांच्या श्रमांपैकी हाताने स्पर्श करता येईल असे फारसे काही उरले नाही.

उरले ते कागदावरचे. त्या मार्गाचे आराखडे, छायाचित्रे व लेख तर उरलेच. शिवाय अ‍ॅलन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेले शंटिंगचे एक लहानसे कोडेही उरले. पाच सांधे, थोड्या वाघिणी, एक इंजिन, आणि कमीत कमी हालचालींत प्रत्येक वाघीण आपापल्या जागी पोहोचविण्याची अट. एका फळीवर मावणारे हे कोडे आजही देशोदेशीचे लोक आपल्या घरी बांधतात. कर्ता गेला, कृती जळाली, पण योजना दुसऱ्यांच्या हातांत जिवंत राहिली.

पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली उभे राहिले, तेव्हा थंडीने कोंडलेल्या देशांतील हा छंद मराठी मुलखातही येऊन पोहोचला. तेथे बर्फ नाही आणि दुपारी चारला अंधारही पडत नाही. पण गाड्या वेळेवर सुटतात, सिग्नल पडल्यावर थांबतात, आणि एकीला वाट देण्यासाठी दुसरी बाजूच्या फाट्यावर उभी राहते. पाहणारी मुले इंजिनाकडे पाहून टाळ्या वाजवितात. त्या सुरळीतपणामागे कोणी तरी अनेक रात्री कागदावर रेघा ओढून त्या पुन्हा खोडल्या असतील, हे ध्यानात येण्यास मात्र थोडे वय व्हावे लागते.