शस्त्रांची प्रतवारी आणि खरेदीदाराची पारख : कुलाबा किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

लष्करी सेवेतून निवृत्त झालेली रायफल विकत घेताना तिचा दर्जा कसा ठरवावा, हा पाश्चात्त्य देशांतील संग्राहकांच्या नित्य चर्चेचा विषय आहे. उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, साधारण आणि निकृष्ट अशा श्रेणी तेथे रूढ असून श्रेणीनुसार किंमत बदलते. भारतीय नागरिकाला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण आपल्याकडे लष्करी बोअरची रायफल सर्वसामान्य परवानाधारकाला घेता येत नाही. तथापि वापरलेले शस्त्र दुसऱ्याकडून घेताना त्याची पारख कोणी करावयाची, हा प्रश्न आपल्या इतिहासाला अपरिचित नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत कोकण किनाऱ्यावरील सत्ताधीशांना तो वारंवार सोडवावा लागला. इतिहासलेखनात मात्र तोफा-बंदुकांची संख्या नोंदविली जाते आणि त्यांच्या दर्जाची चर्चा अभावानेच आढळते. प्रस्तुत लेखात या उपेक्षित बाजूचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) जुन्या शस्त्राच्या प्रतवारीचे निकष समजून घेणे.
२) मराठा काळातील शस्त्रप्राप्तीच्या मार्गांचा दर्जाच्या दृष्टीने विचार करणे.
३) प्रतवारी आणि राजकीय परावलंबन यांतील संबंध तपासणे.

प्रतवारीचे निकष :

शस्त्राचा दर्जा बाह्य रूपावरून ठरत नाही, हे प्रतवारीचे पहिले सूत्र होय. लाकडी दस्ता चकचकीत असलेल्या रायफलीची नळी आतून खराब असू शकते. म्हणून जाणकार प्रथम नळीतील आटे पाहतो. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षार नळीत राहिल्यास ओलाव्याने गंज चढतो आणि आट्यांच्या कडा झिजतात. त्यानंतर बोल्ट व मुख्य सांगाडा यांवरील क्रमांक जुळतात काय, काडतूस बसते त्या जागी अवाजवी मोकळीक आहे काय आणि लाकडाला तडे गेले आहेत काय, हे पाहिले जाते. ली-एनफिल्ड रायफलीच्या चौथ्या नमुन्यात ही मोकळीक नियंत्रित करण्यासाठी बोल्टच्या टोकाचे ० ते ३ असे क्रमांकित आकार होते. सुट्या भागांची अदलाबदल झालेली रायफल दिसावयास अखंड असली, तरी तिचा दर्जा खालावतो.

तोफेच्या बाबतीतही तत्त्व हेच होते. बिडाची तोफ स्वस्त असे, परंतु ओतकामात आत पोकळ्या राहिल्यास ती पूर्वसूचना न देता फुटे. पितळी अथवा मिश्रधातूची तोफ महाग असे व तिला लोखंडासारखा गंज चढत नसे. मात्र दीर्घ वापराने तिचा कान, म्हणजे बत्ती देण्याचे छिद्र, रुंदावत जाई. म्हणजेच ‘तोफ’ या एका शब्दाखाली अत्यंत भिन्न दर्जाच्या वस्तू येतात. इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा अधिक दारू भरून नळीची चाचणी घेण्याची आणि उत्तीर्ण नळीवर छाप मारण्याची व्यवस्था होती. बर्मिंगहॅम येथील चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. हा छाप म्हणजे त्रयस्थाने खरेदीदाराला दिलेली हमी होय. कोकणच्या बंदरात टोपीकरांकडून शस्त्र घेणाऱ्याला अशा त्रयस्थाचा आधार नव्हता.

शिवकालीन खरेदी :

इ. स. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारीतील रेव्हिंग्टन आदी मंडळींनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली. परिणामी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी करून इंग्रजांना कैद केले. पुढे राजापूरच्या नुकसानभरपाईचा प्रश्न अनेक वर्षे रेंगाळला. १६७१ मध्ये महाराजांचा वकील मुंबईस गेला, तेव्हा दंडा-राजपुरीच्या मोहिमेसाठी उखळी तोफा व स्फोटक गोळे मिळविणे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. इंग्रजांनी स्पष्ट होकार दिला नाही व स्पष्ट नकारही दिला नाही. शस्त्रांची आशा दाखवून भरपाई पदरात पाडून घ्यावी, असे त्यांचे धोरण होते.

याच काळात महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडून ८० तोफा आणि बंदुकांना पुरेसे शिसे खरेदी केल्याचे रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने नमूद केले आहे. ८० हा आकडा ग्रंथांतून उद्धृत होतो, परंतु त्या तोफा नव्या होत्या की जहाजावरून उतरविलेल्या, बिडाच्या होत्या की पितळी, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ८० उत्तम तोफा आणि ८० जीर्ण तोफा यांचे सामरिक मोल एक नव्हे. केवळ संख्येवरून सामर्थ्याचे अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

आज्ञापत्रातील दृष्टी :

इ. स. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आढळतात. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नसून त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि आरमार, दारू व गोळी हे त्यांचे बळ आहे, असा इशारा त्यात आहे. शस्त्र विकणारा उद्याचा प्रतिस्पर्धी असू शकतो, ही जाणीव त्यामागे दिसते. दुसऱ्या बाजूने गडावरील सामग्रीच्या जतनाविषयी त्यात बारीक सूचना आहेत. दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून वाळवावी व पुन्हा मुद्रा करून ठेवावी. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे कान मेणाने बुजवावेत आणि त्यांवर आच्छादन घालावे, असा त्यांचा आशय आहे. दर्जा खरेदीच्या दिवशी एकदाच ठरत नाही. तो प्रत्येक पावसाळ्यात राखावा लागतो, हे सूत्र येथे स्पष्ट होते. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर त्याचे महत्त्व विशेष होय.

आंग्रे आणि शस्त्रप्राप्ती :

अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ला हे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या सत्तेचे केंद्र होते. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांच्या संयुक्त फौजेला येथे अपयश आले. आंग्रे यांच्यासाठी शत्रूची पकडलेली जहाजे हे शस्त्रप्राप्तीचे एक साधन होते. १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे जहाज पकडले. विक्रेता आपला टाकाऊ माल पुढे करू शकतो, परंतु स्वतःच्या रक्षणासाठी जहाजावर चढविलेली तोफ सहसा कामाचीच असते. या अर्थाने पाडाव केलेली तोफ ही खरेदीच्या तोफेपेक्षा अधिक विश्वसनीय मानावी लागते.

आज कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवरील दोन इंग्रजी तोफा दिसतात. त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर आयर्न वर्क्स या कारखान्याचे नाव आहे. हा कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला आणि कान्होजींचे निधन १७२९ मध्ये झाले. त्यामुळे या तोफांचा संबंध कान्होजींच्या पराक्रमाशी जोडता येत नाही. जुन्या शस्त्राची पारख करताना छाप व क्रमांक प्रथम वाचावेत, हा संग्राहकांचा नियम इतिहासाच्या अभ्यासकालाही तितकाच लागू पडतो.

स्वनिर्मितीचा पर्याय :

महादजी शिंदे यांच्या पदरी असलेल्या द बॉयन या सेनानीने सँगस्टर नामक स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली आग्रा येथे तोफा-बंदुकांचा कारखाना चालविला. तेथील बंदूक सुमारे १० रुपयांत तयार होई, असे सांगितले जाते. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंद्यांच्या सुमारे १०० तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या; त्यांचा दर्जा पाहून वेलस्ली प्रभावित झाला होता. पराभवाची कारणे अन्यत्र होती. निदान तोफांच्या दर्जावर त्याचे खापर फोडता येत नाही.

वसाहतकाळ व नंतर :

१८५७ नंतर प्रतवारी हे राज्यकर्त्यांचे धोरण बनले. हिंदी शिपायांना आटे नसलेल्या नळीच्या बंदुका देण्यात आल्या आणि पुढेही गोऱ्या पलटणींना नवे शस्त्र मिळाल्यावर जुने हिंदी पलटणींकडे येई. १८७८ च्या शस्त्र कायद्याने नागरिकांवर परवान्याचे बंधन आले. लष्करी बोअर नागरिकांना निषिद्ध ठरल्यानेच .३१५ बोअरची रायफल आपल्याकडे रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आणि २०१६ चे नियम यांनी निषिद्ध बोअरची संकल्पना कायम ठेवली. इशापूर येथे तयार झालेल्या ७.६२ मि.मी. रायफली मात्र निवृत्तीनंतर अमेरिकेच्या बाजारात श्रेणी लावून विकल्या गेल्या.

आपल्या महाविद्यालयांना परिचित असलेली एक श्रेणी येथे नमूद करणे उचित ठरेल. राष्ट्रीय छात्रसेनेची स्थापना १९४८ मध्ये झाली. तिच्या कवायतीत वर्षानुवर्षे वापरली गेलेली .३०३ ‘डी. पी.’ रायफल ही गोळीबारास अयोग्य ठरवून केवळ कवायतीसाठी राखलेली रायफल होय. जीर्ण शस्त्रावर त्याचा दर्जा प्रामाणिकपणे कोरलेला असल्याने ते निर्धोकपणे विद्यार्थ्याच्या हाती देता येते. याउलट नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात पोलिसांना जुन्या .३०३ रायफली घेऊन स्वयंचलित शस्त्रांना तोंड द्यावे लागले. जुने शस्त्र कोणत्या कामास पुरेसे आहे, हे वेळीच न ठरविल्यास त्याची किंमत ते हाती धरणाऱ्याला मोजावी लागते.

निष्कर्ष :

१) शस्त्रांची संख्या हे सामर्थ्याचे अपुरे माप असून दर्जाच्या नोंदीविना ती दिशाभूल करू शकते.
२) ज्याच्याकडे पारख करणारा माणूस नाही, त्याला विक्रेत्याने लावलेली श्रेणी मान्य करावी लागते. हे परावलंबन आर्थिक असते तितकेच राजकीयही असते.
३) मराठ्यांनी खरेदी, पाडाव, जतन आणि स्वनिर्मिती असे चारही मार्ग अवलंबिले. त्यांपैकी जतन व स्वनिर्मिती यांतच दर्जावर स्वतःचे नियंत्रण राहिले.
४) रायगड जिल्ह्यातील किल्ल्यांवरील तोफांचा धातू, छाप, कानाची स्थिती व गंज यांची पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे. इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम हाती घेतल्यास, खारा वारा ही अक्षरे पुसून टाकण्यापूर्वी एक मोलाचे साधन अभ्यासकांच्या हाती येईल.