इंजिनाच्या टाकीतून आलेला मासा

पोटोमॅक नदीवरच्या चौथ्या बंधाऱ्याखाली भर उन्हाळ्यात गळ टाकून उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, स्मॉलमाउथ बास हा या नदीचा अस्सल रहिवासी आहे असंच तो सांगेल. तपकिरी-कांस्य रंगाचा, अंगावर उभे पट्टे असलेला, गळाला लागताच पाण्याबाहेर उसळी घेणारा हा मासा तिथल्या खडकांना इतका शोभतो की शंका यायचं कारणच नाही. पण १८५४ पूर्वी पोटोमॅकमध्ये हा मासा नव्हता. तो आला आगगाडीनं, इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत बसून. आणि सोडला गेला तो एका कालव्याच्या टोकाला, ज्या कालव्याचं आणि आगगाडीचं हाडवैर होतं. या एका गोष्टीनं मला या माशाच्या मागे लावलं.

माशाचं आधीचं चरित्र थोडक्यात. मूळ घर पंचमहासरोवरं आणि मिसिसिपीच्या खोऱ्याचा वरचा भाग, त्यात ओहायो नदीही आली. १८०२ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेदनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पाठीचा पर मोडलेल्या एका नमुन्यावरून. १८८१ मध्ये डॉ. जेम्स हेनशॉल यांनी या माशावर आणि त्याच्या जातभाईंवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या गळकऱ्यांचा लाडका झाला. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

आता ते वैर. ४ जुलै १८२८ या एकाच दिवशी मेरीलँडमध्ये दोन मोठ्या कामांचा मुहूर्त झाला. बाल्टिमोरला चार्ल्स कॅरल यांच्या हस्ते बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसला, आणि वॉशिंग्टनजवळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी चेसापीक अँड ओहायो कालव्याची पहिली कुदळ मारली. दोघांनाही डोंगर ओलांडून ओहायो नदी गाठायची होती आणि वाट एकच होती, पोटोमॅकचा काठ. पॉइंट ऑफ रॉक्सच्या चिंचोळ्या जागेवरून दोघं वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोहोचली. कालवा १८५० मध्ये, जवळजवळ २९७ किलोमीटर खोदून झाल्यावर, आणि तिथेच थांबला. त्याच्या नावातलं ओहायो नावापुरतंच राहिलं. रेल्वे मात्र पुढे गेली आणि १८५३ च्या सुरुवातीला ओहायोकाठच्या व्हीलिंगपर्यंत गाड्या धावू लागल्या.

कंबरलँड आणि व्हीलिंग यांच्यामध्ये ॲलेगनी पर्वत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस जसा एका उतारानं अरबी समुद्राला आणि दुसऱ्यानं बंगालच्या उपसागराला जातो, तशीच ही पाणलोटाची रेघ. व्हीलिंगचं पाणी मेक्सिकोच्या आखाताला मिळतं, कंबरलँडचं अटलांटिकला. मासा ही रेघ स्वतः ओलांडू शकत नाही.

तरीही मासे आपले आपण कालव्यातून आले असावेत, असं मत अधूनमधून ऐकू येतं. त्याला आधार एरी कालव्याचा. तो १८२५ मध्ये खुला झाला, महासरोवरांचं पाणी हडसनच्या खोऱ्याला जोडलं गेलं आणि बास त्या वाटेनं पूर्वेकडे सरकला. हे खरंच आहे. पण पोटोमॅकला ते लागू पडत नाही, कारण इथला कालवा पर्वत ओलांडून गेलाच नाही. कालव्यानं माशाला राहायला जागा दिली. डोंगर ओलांडून आणलं ते रेल्वेनं.

आणलं कुणी, हा खरा वाद. एक हकीकत ॲल्बन स्टॅबलर आणि ड्यूकहार्ट या जोडीला श्रेय देते आणि व्हीलिंगच्या विल्यम श्रायव्हर यांचं नाव मदतनिसांत टाकते. दुसरी याच श्रायव्हर यांना मुख्य मानते. पुढे ते जनरल श्रायव्हर म्हणूनच ओळखले गेले. माझं माप श्रायव्हरच्या पारड्यात आहे आणि त्याला कारणं आहेत. व्हीलिंगच्याच जॉन इऑफ यांनी ओहायोतल्या बासच्या सवयींवर एक टिपण लिहिलं, ते स्मिथसोनियन संस्थेच्या १८५४ च्या अहवालात छापलं गेलं. त्यात ते सांगतात की श्रायव्हर यांनी याच हंगामात वीसहून अधिक मासे इंजिनाच्या टाकीत ठेवून नेले आणि कंबरलँडच्या कालव्याच्या तलावात सोडले. हे लिहिलं गेलं तेव्हा माशांचं पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्या कामाचं फळ अजून दिसलं नव्हतं, त्याचं श्रेय ढापण्यात कुणाला रस असेल? स्टॅबलरची हकीकत प्रसिद्ध झाली ती नदी माशांनी भरल्यानंतर. अर्थात रेल्वेच्या माणसांच्या संमतीवाचून टाकीत कुणी काही टांगू शकत नाही. तेव्हा कल्पना आणि मासे श्रायव्हरचे, टाकीचं झाकण उघडून देणारे हात इतरांचे, अशी मी या भांडणाची तडजोड करतो.

इऑफ यांच्या टिपणात आणखी एक अर्धं वाक्य आहे, ज्याच्यावरून लोक सरळ पुढे जातात: श्रायव्हर हे कंबरलँडच्या दिवंगत डेव्हिड श्रायव्हर यांचे चिरंजीव. डेव्हिड श्रायव्हर म्हणजे नॅशनल रोडचे अधीक्षक. संघराज्य सरकारनं बांधलेला तो पहिला मोठा रस्ता १८११ मध्ये कंबरलँडहून निघाला आणि १८१८ मध्ये व्हीलिंगला पोहोचला. बापानं कंबरलँडहून व्हीलिंगला रस्ता नेला आणि मुलानं व्हीलिंगहून कंबरलँडला मासा आणला! ही दोन गावं, मधला डोंगर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नद्या या घराच्या जेवणाच्या पंगतीतलाच विषय असणार. रेल्वे होण्याच्या बऱ्याच आधीपासून आपल्या मनात हे होतं, फक्त वाहतुकीची सोय सापडत नव्हती, असं श्रायव्हर यांनी १८६० च्या एका पत्रात लिहिलं आहे. मला यात काही आश्चर्य वाटत नाही. बापाच्या रस्त्यानं बैलगाडीतून पिंपात मासे नेले असते तर पहिल्याच घाटात ते मेले असते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

सोय सापडली ती अशी. पत्र्याची एक मोठी बादली, तिला सगळीकडून भोकं पाडलेली, टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या डब्याच्या, टाकीच्या तोंडात बरोब्बर बसेल अशा मापाची. वाफेच्या इंजिनाला वाटेत ठिकठिकाणी पाणी भरावं लागतं. म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरच्या प्रवासात माशांना दर थांब्यावर ताजं, गार पाणी मिळत गेलं, तेही वेगळं कष्ट न घेता. गाडीच्या हिसक्यांनी ते घुसळत राहिलं, त्यामुळे हवा मिसळत राहिली. मासे मुद्दाम लहान निवडलेले, म्हणजे प्राणवायूची गरज कमी. त्या काळात जमिनीवरून धावणारं आणि आपलं पाणी आपणच बदलत जाणारं दुसरं भांडं नव्हतं. श्रायव्हर यांनी त्या वर्षी अशा अनेक खेपा केल्या.

मासे कालव्याच्या तलावात सोडण्यातही हिशेब होता. कालव्याला पाणी हवं म्हणून कंबरलँडला नदीवर बंधारा होता, आणि तलावातून माशाला त्या बंधाऱ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे जाता येत होतं. श्रायव्हर यांनीच हे नोंदवलं आहे. एका ठिकाणी सोडायचे आणि दोन दिशांना पसरू द्यायचे!

ते पसरले कसे, याबद्दल माझा एक सिद्धान्त आहे. कालव्यासाठी पोटोमॅकवर जागोजागी बंधारे घातले होते. लोक म्हणतात, बंधारे माशाला अडवतात. चढणाऱ्या माशाला अडवतात, उतरणाऱ्याला नाही. प्रत्येक पुरानं पिल्लांना एक पायरी खाली ढकललं, आणि प्रत्येक पायरीच्या तळाशी त्यांना हवं तसं घर तयार मिळालं. बंधाऱ्यावरून कोसळणारं पाणी तळ खरवडून डोह करतं, गाळ वाहून नेतं, खडक आणि गोटे उघडे पाडतं. बासला अंडी घालायला असेच गोटे लागतात; पाणी पंधरा-सोळा अंशांपर्यंत तापलं की नर शेपटीनं खळगा साफ करतो आणि अंडी फुटून पिल्लं वर येईपर्यंत राखण करतो. दगडांच्या फटींत क्रेफिश आणि हेलग्रामाइट नावाची जबड्याची अळी भरपूर, दोन्ही त्याचं आवडतं खाणं. शेतकऱ्यांनी बादल्यांतून मासे उपनद्यांत नेले, हा दुसरा पक्षही खरा आहे. पण मुख्य नदीपुरतं श्रेय मी बंधाऱ्यांनाच देतो.

यातला पाचवा बंधारा फोडायला डिसेंबर १८६१ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनचे सैनिक आले होते. त्यांना तो पुरता फोडता आला नाही. माझ्या मते युद्धानं माशाचं भलंच केलं: ज्या वर्षांत तो संख्येनं वाढत होता, त्या वर्षांत नदीकाठी दोन सैन्यं होती आणि निवांत गळ टाकणारं फारसं कुणी नव्हतं.

चौथा आणि पाचवा बंधारा आजही उभे आहेत. कालवा १९२४ च्या पुरानंतर बंद पडला. चौथ्यावर १९०९ मध्ये वीजघर झालं, त्याची यंत्रं दोरखंडांनी फिरत. तिथे गळ टाकायचा तो भिंतीच्या पायथ्यापासून बराच खाली, कारण पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. जिथे फेस विरतो आणि पहिला खडक धारेला दोन भागांत चिरतो, तिथे खडकाच्या सावलीकडच्या बाजूनं अळी किंवा क्रेफिश वाहत येऊ द्यायचा. मासा धारेत राबत नाही, तो धारेच्या कडेला उभा राहून वाहत येणारं खाणं टिपतो. म्हणून आमिषाला ओढ देऊ नये, पाण्याच्याच चालीनं जाऊ द्यावं. पण नदीत सगळं आलबेल नाही: २००३ पासून हिच्याच दक्षिण शाखेतल्या नर बासच्या वृषणांत अंडी सापडू लागली. संशोधकांचा संशय पाण्यात उतरणाऱ्या संप्रेरकांसारख्या रसायनांवर आहे. खाली गळ टाकणाऱ्यांनी वरच्या शेतांकडे आणि सांडपाण्याकडे लक्ष द्यायला हवं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

स्मॉलमाउथ पुढे रेल्वेनं पश्चिमेलाही गेला. १८७३ मध्ये मत्स्यसंवर्धक लिव्हिंगस्टन स्टोन यांनी कॅलिफोर्नियाकडे माशांनी भरलेला रेल्वेचा डबा नेला; नेब्रास्कात पूल कोसळून तो एल्कहॉर्न नदीत पडला. १८७४ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि ७३ स्मॉलमाउथ नापा क्रीक या ओढ्यात सोडले. अमेरिकेतल्या रेल्वेनं मासे हलवण्याचा इतिहास सांगताना बहुतेक लोक स्टोनच्या डब्यापासून आरंभ करतात. मी तो जवळजवळ वीस वर्षं मागे नेतो, व्हीलिंगच्या स्टेशनात टेंडरच्या तोंडात बसवलेल्या त्या भोकाभोकांच्या बादलीपर्यंत.