इसारापासून खरेदीखतापर्यंत

म्हसवडला पूर्वी घराचा व्यवहार सिद्धनाथाच्या साक्षीने ठरे, आणि इसार दिला की बोलणे पक्के समजत. कायदा मात्र एवढ्यावर थांबत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नुसत्या विक्रीच्या कराराने घरावर हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराचे खरेदीखत नोंदवावेच लागते. 1908 च्या नोंदणी कायद्याने ते सहीनंतर चार महिन्यांत दाखल करण्याची मुदत घातली.

त्यात विकणाराही बहुधा दुसरे घर घेत असतो. तुमच्या इसारातूनच तो आपला इसार देतो. एक कागद अडला की तीन कुटुंबे अडतात.

आमच्या पहिल्या घराच्या वेळी असेच झाले. विकणाऱ्याच्या आजोबांचे खत मोडीत. वाचणारा शोधण्यातच महिना गेला, आणि वाचल्यावर कळले की खरेदी दोघा भावांच्या नावे होती! धाकटा भाऊ दुष्काळात मुंबईला गेला, तो परतलाच नाही. त्याच्या नातवंडांचा पत्ता लागून सह्या होईपर्यंत आमचे वडील रोज इसारपावती काढून पाहत. इसार देण्याआधी त्यांनी ते खत वाचून घेतले नव्हते.