दोन संगणकभाषांची गांठ

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा म्हटलें कीं नागनाथाचें मंदिर डोळ्यांपुढें येतें. त्याच औंढ्याजवळ दुधाळा येथें गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभारण्यासाठीं २६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. तिला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असावयाच्या आहेत. या भुजांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु अशा वेधशाळेंतून निघणारा आंकड्यांचा लोंढा जे प्रोग्रॅम वाचतात, त्यांच्या पोटांत दोन भिन्न स्वभावांच्या भाषांची गांठ पडलेली आहे, आणि ती कशी पडली हें ऐकण्यासारखें आहे.

संगणकभाषांचें एक घराणें फंक्शनल. जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं हातीं घेतलेली लिस्प ही त्याची आजी. तेथें दिलेल्या राशीवरून नवी राशि काढावयाची. जुनीस हात लावावयाचा नाहीं. दुसरें घराणें ऑब्जेक्टांचें. त्याचा उगम ओस्लो येथें डाल आणि न्यूगॉर यांनीं रचलेल्या १९६७ च्या सिम्युलांत आहे. तें वाड्याच्या कोठीघरासारखें. प्रत्येक कोठी आपला साठा स्वतः सांभाळते आणि तो साठा रोज कमीजास्त होतो. कोठीघरांतून सोंवळ्यांतल्या स्वयंपाकघरास हांक मारावयाची कशी, हा जुना प्रश्न आहे.

आतां वेधशाळेकडे वळूं. लहर इतकी क्षीण असते कीं ती गोंगाटांत बुडून जाते. म्हणून अपेक्षित लहरींचे नमुने आधीं गणितानें रचून नोंदींवर प्रत्येक क्षणीं ताडून पाहावे लागतात. या नमुन्यांची निवड कशी करावी, याविषयींचा एक पायाभूत निबंध संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. धुरंधर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंतले. सेकंदास ४०९६ नोंदी धरल्या, तर २५६ सेकंदांत दहा लाखांवर नोंदी होतात. त्या सरळ ताडूं गेल्यास एका नमुन्यामागें गुणाकार एक लाख कोटींच्या वर जातात. कूली आणि ट्यूकी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या शीघ्र फूरिये रूपांतरानें तेंच काम कांहीं कोटींत भागतें.

हें रूपांतर करणारें एक नामांकित साधन म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत मात्तेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनीं १९९७ सालीं तयार केलेलें एफएफटीडब्ल्यू. तें सी भाषेंत मिळतें. पण त्याचा गाभा माणसानें लिहिलेला नाहीं! ‘जेनएफएफटी’ नांवाचा प्रोग्रॅम तो लिहितो, आणि हा प्रोग्रॅम ऑब्जेक्टिव्ह कॅमल या भाषेंत आहे. नांवांत ‘ऑब्जेक्टिव्ह’ असलें तरी तिचें घराणें फंक्शनल. तो समीकरणें चिन्हरूपानें मांडतो, सोपीं करतो आणि मग सीचा मजकूर ओततो. कांहीं ठिकाणीं त्यानें पूर्वीं कोणास ठाऊक नसलेल्या रीति शोधल्या, असें फ्रिगो यांनीं १९९९ सालीं नमूद केलें. मला हा भाग सर्वांत रम्य वाटतो.

लायगोच्या शास्त्रज्ञांचें ‘लाल’ नांवाचें प्रोग्रॅमभांडार (नांव आपल्याला किती जवळचें!) सी भाषेंत असून तें एफएफटीडब्ल्यू वापरतें. संशोधकांना मात्र पायथनचीं ऑब्जेक्टें हवीं असतात. त्यासाठीं डेव्हिड बीझ्ली यांनीं १९९५ च्या सुमारास लॉस अॅलॅमॉस येथें आरंभिलेलें ‘स्विग’ मध्यस्थी करतें. तें सीच्या राशींना पायथनचा अंगरखा चढवितें. कॅमल स्वतः हांकेला येतच नाहीं. तिनें केव्हांच शिजवून ठेवलेलें तेवढें वाढलें जातें. डॉन साइम यांच्या २००५ च्या एफ-शार्पनें दुसरा मार्ग धरला. तिनें सी-शार्पशीं एकाच छपराखालीं बिऱ्हाड केलें. तेथें हांक थेट पोंचते; पण फंक्शनाला ऑब्जेक्टाचें रूप घेऊनच दारीं यावें लागतें.

कॅमलच्या मार्गाचीही किंमत आहे. जुन्या राशीस न शिवण्याचा नेम सीच्या हद्दींत टिकत नाहीं. एफएफटीडब्ल्यूला वेळ मोजून उत्तम रीत निवडावयास सांगितलें, तर त्या चांचणींत तें दिलेल्या जागेंतील आंकडे पुसून टाकतें. म्हणून त्यास थेट हांक मारणाऱ्यानें आधीं योजना करून घ्यावी, आणि मगच त्या जागेंत वेधाच्या नोंदी भराव्या.