किशोरवयीन मुलांचे मानसिक आरोग्य: घरातल्या आणि गावातल्या मोठ्यांनी काय शिकावे?

देवबागसारख्या गावात एखादा मुलगा किंवा मुलगी मनाने खचत चालली आहे, हे सर्वांत आधी डॉक्टरांना कळत नाही. ते लक्षात येते घरातल्या आजीच्या, वर्गशिक्षकांच्या किंवा बोटीवर सोबत काम करणाऱ्या काकांच्या. पण पुढे काय करायचे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. मग कधी उपदेश होतो, कधी दुर्लक्ष होते आणि मदत मिळायला उशीर होतो. जखमेवर पट्टी बांधणे शिकता येते, तसा मानसिक प्रथमोपचारही शिकता येतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

हा त्रास किती मुलांना होतो?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. म्हणजे साधारण १४ मुलांमागे एक. मोठेपणी दिसणाऱ्या अनेक मानसिक आजारांची सुरुवातही याच वयात होते.

किनारपट्टीवरच्या मुलांवर काही ताण वेगळे असतात. देवबागच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. गावाचे उत्पन्न मासेमारी आणि पर्यटनावर. पावसाळ्यात दोन्ही थंडावतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. उधाणाने किनारा खचतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्याला झोडपले. घरातली कर्जाची आणि नुकसानीची बोलणी मुलांच्या कानांवर पडत असतात. त्यातच दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अव्वल असतो. ही अभिमानाची गोष्ट आहेच, पण कमी गुण मिळालेल्या मुलाला त्यामुळे जास्त एकटे वाटू शकते. गणपतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ‘किती टक्के पडले?’ हेच विचारले, तर ते मूल घरातही तोंड चुकवू लागते.

‘खंबीर मूल’ म्हणजे काय?

खंबीर मूल म्हणजे न रडणारे, सगळे मुकाट सोसणारे मूल नव्हे. पडल्यावर सावरता येणे, गरज पडली तर मदत मागता येणे, ही खरी ताकद. ती उपदेशाने येत नाही. पुरेशी झोप, नियमित दिनक्रम, खेळ, मित्र आणि रागावल्याशिवाय ऐकून घेणारे निदान एक मोठे माणूस, यांतून ती हळूहळू तयार होते.

तीन गोष्टी शिका: पाहा, ऐका, जोडून द्या

पाहा. किशोरवयात नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. अनेकदा ते चिडचिडीतून दिसते. पुढील बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर लक्ष द्या:

- झोप किंवा भूक खूप वाढणे अथवा कमी होणे
- मित्र, खेळ, आवडीची कामे सोडणे
- अभ्यासात किंवा कामात अचानक मागे पडणे, शाळा टाळणे
- तपासणीत कारण न सापडणारी डोकेदुखी, पोटदुखी
- दारू किंवा इतर व्यसन सुरू होणे
- ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी भाषा

शेवटचे लक्षण दिसले तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी बोला.

ऐका. चारचौघांत नको, एकट्याला गाठून बोला. समोरासमोर बसवून चौकशी करण्यापेक्षा जाळे विणताना किंवा किनाऱ्यावर चालताना मुले जास्त मोकळी होतात. आपल्या बोलीत विचारा: ‘काय झाला रे बाबू, हल्ली गप गप असतस?’ मग थांबा. उत्तर लगेच येणार नाही. ‘तुला काय कमी आहे?’, ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ ही वाक्ये टाळा. त्याऐवजी ‘तुला हे जड जातेय, ते मला कळतेय’ एवढेही पुरते. मात्र ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. ‘तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावणार, बाकी आपल्यातच राहील,’ असे आधीच सांगा.

आत्महत्येबद्दल शंका आली तर स्पष्ट विचारा: ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती चुकीची आहे. उलट विचारल्याने मन हलके होते आणि मदतीची वाट उघडते.

जोडून द्या. सगळे प्रश्न तुम्ही सोडवायचे नाहीत. मुलाला योग्य माणसापर्यंत पोहोचवा आणि पहिल्या वेळी सोबत जा. देवाला गाऱ्हाणे घालायचे असेल तर जरूर घाला. पण त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नका.

प्रशिक्षणाचा खरेच उपयोग होतो का?

होतो, पण नुसते एक शिबिर करून भागत नाही. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगथ’ या संस्थेने बिहारच्या शाळांमध्ये एक अभ्यास केला. काही शाळांत हाच उपक्रम शिक्षकांनी राबवला, तर काही शाळांत फक्त याच कामासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्तींनी. या दुसऱ्या शाळांमधले वातावरण सुधारले आणि मुलांमधली नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकांकडून तसा फरक दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. मुलांसाठी राखून ठेवलेला वेळ आणि त्यांचा विश्वास हाही उपचाराचाच भाग असतो, हे यातून समजते.

केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि त्यात भावनिक आरोग्याचाही समावेश आहे. तुमच्या शाळेत हे शिक्षक कोण, ते पालकसभेत विचारा. त्यांना मुलांसाठी वेगळा वेळ मिळतो का, हेही विचारा.

मदत कुठे मिळेल?

- टेलि-मानस: १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही. पालक आणि शिक्षकही सल्ल्यासाठी फोन करू शकतात.
- चाईल्डलाईन: १०९८. १८ वर्षांखालील मुलांसाठी, विशेषतः छळ किंवा अत्याचार होत असेल तर.
- मालवणचे ग्रामीण रुग्णालय किंवा ओरोस येथील जिल्हा रुग्णालय. मानसोपचार विभाग कोणत्या दिवशी असतो, ते आधी विचारून घ्या.

ताबडतोब काय करावे?

मुलाने जीव देण्याची इच्छा बोलून दाखवली किंवा स्वतःला इजा केली असेल, तर त्याला एकटे सोडू नका. घरातली औषधे आणि बागेत फवारायची कीटकनाशके कुलपात ठेवा किंवा घराबाहेर हलवा. काही विषारी पोटात गेले असेल किंवा इजा झाली असेल, तर १०८ वर फोन करून लगेच रुग्णालयात न्या. घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे ही गोष्ट लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते आणि तिला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी आहे. डॉक्टरांना खरे काय झाले ते सांगा. त्यावर योग्य उपचार अवलंबून असतात.

मूल घरी परतल्यावर ‘आता झाले ना बरे’ म्हणून विषय बंद करू नका. त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. ठरलेल्या तारखेला तपासणीला न्या, औषधे स्वतःहून बंद करू नका आणि रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसा, बोलणे झाले नाही तरी चालेल.