बघ्या, लिंबूटिंबू आणि खेळाडू : व्हिडिओ गेमच्या प्रेक्षकाचा इतिहास, भिलाईच्या निमित्ताने

१. प्रस्तावना

मराठीत 'बघ्या' हा शब्द कौतुकाने वापरला जात नाही. अपघाताच्या ठिकाणी गोळा होतात ते बघे. जो मदतीला धावत नाही त्याने 'बघ्याची भूमिका घेतली' असे आपण म्हणतो. पण गाण्याच्या मैफलीत समोर बसून ऐकणारा 'रसिक' होतो आणि कुस्तीच्या फडाभोवती बसून डाव ओळखणारा म्हातारा 'जाणकार' ठरतो. तिघेही एकच गोष्ट करतात : दुसऱ्याची कृती पाहतात किंवा ऐकतात. मग दुसरा कोणी खेळत असलेला व्हिडिओ गेम मोबाइलवर तासभर पाहणाऱ्या मुलाला यांपैकी कोणता शब्द लावायचा? "स्वतः खेळलास तर एक वेळ समजू, पण दुसरा खेळतोय ते काय बघत बसायचं?" हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी घरात ऐकला असेल.

हा प्रश्न सहसा सवयीचा किंवा शिस्तीचा म्हणून विचारला जातो. या टिपणात आपण तो इतिहासाचा म्हणून विचारणार आहोत. व्हिडिओ गेम कोण पाहत होते, का पाहत होते आणि त्या पाहण्याचा फायदा कोणाला होत होता, हे तीन मुद्दे कालक्रमाने तपासू. त्यासाठी छत्तीसगडमधील भिलाई हे शहर सोबत घेऊ. तेथे पाहण्याची एक जुनी आणि समृद्ध परंपरा आहे, आणि पाहणाऱ्याच्या खिशात हात घालणाऱ्या एका नव्या धंद्याच्या तपासातही याच शहराचे नाव पुढे आले.

२. पोलादनगरी आणि पंडवानी

भिलाई हे नियोजनातून वाढलेले शहर. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याभोवती सेक्टरांमध्ये विभागलेली वसाहत उभी राहिली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे तेथे शेजारी-शेजारी राहू लागली. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरचे गाव असल्याने नागपूर-विदर्भाशीही त्याचा संबंध जवळचा.

या शहराजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई पंडवानीसाठी जगभर ओळखल्या जातात. त्यांनी भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीही केली, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानी म्हणजे महाभारतातील कथांचे गायन. तिच्या दोन शैली आहेत. वेदमती शैलीत कलावंत बसून गातो; कापालिक शैलीत उभा राहून, हातातल्या तंबुऱ्याचीच कधी गदा तर कधी धनुष्य करत, सगळी पात्रे एकटाच साकारतो. स्त्रियांनी बसूनच गावे असा रिवाज असताना तीजनबाईंनी कापालिक शैली स्वीकारली.

आपल्या विषयासाठी यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, तीजनबाई ही कला शिकल्या त्या आजोबांचे गायन ऐकून. म्हणजे श्रोता असणे हीच त्यांची उमेदवारी होती. दुसरी, पंडवानीत मुख्य गायकाशेजारी एक 'रागी' असतो. तो मध्ये मध्ये हुंकार देतो, "मग काय झाले?" अशा अर्थाचे प्रश्न विचारतो आणि कथेला पुढे ढकलतो. रागी कथा सांगत नाही, पण केवळ ऐकतही नाही. प्रेक्षकांचे कुतूहल तो मंचावरून बोलून दाखवतो. कर्ता आणि प्रेक्षक यांच्यामध्ये अशी एक तिसरी जागा असते, हे लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

३. नाणे, रांग आणि खांद्यावरून पाहणे

१९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीचा 'पाँग' आला आणि नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या धंद्याने मूळ धरले. १९७८ साली जपानच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ने तो जगभर नेला. या यंत्रांना प्रेक्षक लागत असे. कोणी नाणे टाकले नसतानाही पडद्यावर खेळाचा नमुना आपोआप चालू राही, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवण्यासाठीच. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला आपल्या नावाची तीन अक्षरे नोंदवता येत. ही नोंद वाचणारा कोणी नसेल तर तिला काय अर्थ? म्हणजे व्हिडिओ गेमच्या रचनेत प्रेक्षक पहिल्या दशकातच गृहीत धरला गेला होता.

भारतात या खेळांचा सामान्य घरांशी संबंध आला तो पार्लरमधून, आणि नंतर जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या स्वस्त नकलांमधून. १९९० च्या दशकात 'समुराई', 'मीडिया' अशा नावांनी अशी यंत्रे घरोघर आली. कार्ट्रिजला आपल्याकडे 'कॅसेट' म्हणत आणि हातातल्या नियंत्रकाला 'रिमोट'. टीव्ही एक, रिमोट दोन आणि मुले सहा-सात, अशी ती परिस्थिती. त्यामुळे खेळण्यापेक्षा पाहण्यातच अधिक वेळ जाई. "एक लाइफ तुझी, एक माझी" असे करार होत.

हे पाहणे रिकामे नव्हते. कोणत्या विटेत नाणे दडले आहे, कोणत्या ठिकाणी उडी मारायची, हे मुले दुसऱ्याच्या खेळातून शिकत. छापील मार्गदर्शिका आपल्याकडे मिळत नसत आणि पार्लरमध्ये प्रत्येक चूक पैशाने मोजावी लागे. दुसऱ्याच्या नाण्यावर आपले शिक्षण करून घेण्याची ती पद्धत होती. घरातल्या सगळ्यात धाकट्याला कधी न जोडलेला रिमोट हातात देऊन बसवले जाई. मराठी मुलांच्या खेळात यासाठी नेमका शब्द आहे : लिंबूटिंबू. तो खेळात असतो, पण त्याचा बाद धरला जात नाही. लिंबूटिंबू हाही पंडवानीतल्या रागीसारखाच मधल्या जागेवरचा माणूस आहे.

या टप्प्याचा निष्कर्ष सरळ दिसतो : यंत्रे कमी होती, म्हणून लोक पाहत होते. हा निष्कर्ष खरा मानला तर यंत्रे स्वस्त झाल्यावर पाहणे कमी व्हायला हवे. तसे झाले का?

४. स्वस्त यंत्रे, वाढते प्रेक्षक

याचे पहिले उत्तर दक्षिण कोरियाने दिले. १९९८ नंतर तेथे वेगवान इंटरनेट आणि तासावर संगणक देणारी केंद्रे झपाट्याने वाढली. खेळणे कोणालाही परवडू लागले. नेमक्या त्याच काळात, २००० साली, तेथे केवळ व्हिडिओ गेमला वाहिलेली दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि 'स्टारक्राफ्ट'चे सामने लोक क्रिकेटसारखे पाहू लागले. ज्यांना खेळता येत होते तेच पाहतही होते.

आपल्याकडे सायबर कॅफेच्या काळात, म्हणजे २००० च्या दशकात, 'काउंटर-स्ट्राइक'भोवती अशीच पण छोटी मंडळे तयार झाली. मोठा बदल घडला तो मोबाइलमुळे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा एकदम स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' आला. आता यंत्र प्रत्येकाच्या खिशात होते, खेळ फुकट होता आणि रांग संपली होती. तरीही मुंबईच्या आदित्य सावंत ऊर्फ 'डायनॅमो' किंवा नमन माथूर ऊर्फ 'मॉर्टल' यांचे थेट प्रक्षेपण पाहायला प्रचंड गर्दी जमू लागली. जानेवारी २०१९ मध्ये 'परीक्षा पे चर्चा' या कार्यक्रमात एका आईने मुलाच्या गेमच्या सवयीची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनीच "हा पबजीवाला आहे का?" असे विचारले. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी बंदी मोडून हा खेळ खेळल्याबद्दल तरुणांना अटक केली.

गर्दीचे एक कारण खेळाच्या रचनेतच आहे. पबजीत एका वेळी शंभर जण उतरतात आणि शेवटी एकच खेळाडू किंवा एकच गट उरतो. बहुतेकांचा मृत्यू ठरलेला. मेल्यावर आपल्या गटातल्या जिवंत साथीदाराच्या नजरेतून पुढचा खेळ पाहण्याची सोय खेळातच आहे. म्हणजे एकाच डावात माणूस आधी खेळाडू असतो आणि मग प्रेक्षक होतो. मेलेला साथीदार "मागे आहे, मागे आहे!" असे ओरडतो तेव्हा तो रागीचेच काम करत असतो. थेट प्रक्षेपणाच्या बाजूला धावणाऱ्या प्रेक्षकांच्या संदेशांकडेही असेच पाहता येईल.

दुसरे कारण बंदीच्या काळात दिसले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. प्रक्षेपण करणारे दुसऱ्या खेळांकडे वळले. 'अमंग अस', 'व्हॅलोरंट' अशी नावे पुढे आली. प्रेक्षकांपैकी अनेक जण त्यांच्यामागे गेले. म्हणजे लोक खेळाइतकेच खेळणाऱ्या माणसाला पाहत होते : त्याचे बोलणे, त्याचे चुकणे, त्याची सोबत. पुढे जुलै २०२१ मध्ये हाच खेळ 'बीजीएमआय' या नावाने परतला आणि २०२२ मध्ये त्याची एक स्पर्धा स्टार स्पोर्ट्स २ या वाहिनीवर दाखवली गेली.

येथे साधनचिकित्सेचा एक धडा घ्या. 'व्ह्यू'चा आकडा हे इतिहासाचे साधन आहे, पण तो आकडा तयार करणारी कंपनी त्यावर जाहिराती विकते. पाहणारा स्वतः खेळतो की नाही, शिकायला पाहतो की एकटेपणा घालवायला, हे त्या आकड्यातून कळत नाही.

५. प्रेक्षकाची किंमत

आता तिसरा मुद्दा : फायदा कोणाचा? पार्लरमध्ये खांद्यावरून पाहणारा मुलगा मालकाला नकोसा असे, कारण तो जागा अडवी आणि पैसे देत नसे. आज चित्र उलटे आहे. पाहणाऱ्याचे लक्ष हाच विक्रीचा माल आहे. फुकट पाहणाऱ्यावर जाहिरातदार, प्रायोजक आणि मंच चालवणाऱ्या कंपन्या उभ्या आहेत.

आणि पाहणाऱ्याला आणखी एक जागा देऊ केली जाते, ती पैज लावणाऱ्याची. तो खेळत नाही, पण निकालात त्याचे पैसे अडकलेले असतात. ही जागा जुनी आहे. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्य प्रांतालाही लागू होता, आणि आजचे भिलाई त्याच प्रांतात येत असे. त्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, जुगाराच्या अड्ड्यावर खेळ चालू असताना जो सापडेल तो जुगारासाठीच आला होता असे धरले जाई; तसे नव्हते हे सिद्ध करायचे ते त्यानेच. म्हणजे या कायद्याला नुसता बघ्या मान्यच नव्हता. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमाने निव्वळ कौशल्याचे खेळ मात्र वगळले होते.

दीडशे वर्षांनी अड्ड्याला भिंती उरल्या नाहीत. 'महादेव ऑनलाइन बुक' या सट्टेबाजीच्या जाळ्याच्या तपासात भिलाईचे नाव देशभर गाजले. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार त्याचे मुख्य प्रवर्तक भिलाईचे असून कारभार दुबईतून चाले, आणि क्रिकेट, टेनिस, फुटबॉलपासून पत्त्यांपर्यंत अनेक खेळांवर पैजा घेतल्या जात. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने या ॲपसह २२ ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. दरम्यान राज्याने स्वतःचा जुगार प्रतिषेध अधिनियम, २०२२ करून ऑनलाइन जुगार त्याच्या कक्षेत आणला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असे तीन वर्ग पाडले आणि पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे व त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणे यांवर बंदी घातली. १८६७ च्या कायद्याचा संशय अड्ड्यावर हजर असलेल्या माणसावर होता. २०२५ च्या कायद्याचा रोख त्याच्यापुढे पैज ठेवणाऱ्यावर आहे. हा बदल महत्त्वाचा आहे.

६. निष्कर्ष

खेळणे म्हणजे कृती आणि पाहणे म्हणजे आळस, ही विभागणी इतिहासाला टिकत नाही. टंचाईच्या काळात लोक पाहत होते आणि सुबत्तेच्या काळात अधिक पाहू लागले. त्यातून कधी विद्या मिळाली, कधी सोबत. तीजनबाई ऐकता ऐकता गायिका झाल्या, आणि पार्लरमधला मुलगा पाहता पाहता खेळाडू झाला. पण प्रत्येक श्रोता गायक होत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. तो रसिक झाला तरी पुरे.

बदलले आहे ते पाहण्याचे अर्थकारण. पूर्वी पाहणारा काही न देता काही घेऊन जात होता. आता तो उठला तरी त्याचा वेळ, लक्ष आणि कधी पैसाही मागे राहतो. म्हणून घरातल्या त्या प्रश्नाऐवजी दुसरा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे आहे : या पाहण्यातून तुमच्याकडे काय आले आणि तुमच्याकडून काय गेले? या हिशेबावरून बघ्या कोण आणि जाणकार कोण, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

७. विचारासाठी प्रश्न

१. पंडवानीतील रागी आणि थेट प्रक्षेपणातील संदेश लिहिणारा प्रेक्षक यांच्यात साम्य कोठे संपते?

२. छोट्या पार्लरची आणि सायबर कॅफेंची कागदपत्रे क्वचितच जपली जातात. तुमच्या गावातील अशा एका जागेचा मौखिक इतिहास मिळवा. मालक, खेळणारा आणि केवळ पाहणारा अशा तिघांशी बोला आणि त्यांच्या आठवणी कोठे जुळत नाहीत ते नोंदवा.

३. १८६७ आणि २०२५ च्या कायद्यांत 'खेळणारा' आणि 'उपस्थित असणारा' यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीत कोणता फरक आहे? त्यामागे तंत्रज्ञानाचा वाटा किती आणि राज्यसंस्थेच्या बदललेल्या भूमिकेचा किती?