खोंडाचा बैल

परांडा तालुक्यांतील सोनारी हें गांव काळभैरवनाथाचें म्हणून विख्यात आहे. ट्रॅक्टर येण्यापूर्वीं त्याच्या शिवारांत नांगर ओढला तो बैलानें. परंतु निसर्ग देतो तो खोंड. त्याचा बैल मनुष्य करतो, आणि या कृतीला फार जुना इतिहास आहे.

अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडांत बैलांचे वृषण काढणाऱ्याची उपमा येते. म्हणजे हा धंदा तेव्हांही परिचयाचा होता. सम्राट् अशोकानें तर पांचव्या स्तंभलेखांत अष्टमी, चतुर्दशी, पंचदशी आणि तिष्य व पुनर्वसु नक्षत्रांचे दिवस यांवर बैल, बोकड, मेंढे व डुकरें खच्ची करण्यास मनाई केली. शेती बंद पडूं न देतां वेदना थोडी आवरावी, एवढीच ही तडजोड. पण तींत राजाचें शहाणपण दिसतें.

खेड्यांतील रीत 'बडवणें' हा शब्दच सांगतो. मान व वशिंड भरावें म्हणून खोंड दोन-तीन वर्षांचा होऊं देत. मग पाय बांधून पाडीत आणि वृषणाच्या शिरा काठ्यांमध्यें धरून ठेचीत. सूज लवकर उतरत नसे. सुरी चालवावी तर जखमेंत किडे पडत, धनुर्वाताचें भय असे. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याचें सारें वर्ष त्या एका दुपारीं पणास लागे.

मुंबईस परळला 1886 सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. परंतु खरा पालट केला तो इटलीच्या बर्डिझो या पशुवैद्याच्या चिमट्यानें. हा जड चिमटा कातडी न फाडतां आंतील वृषणरज्जू चिरडतो. दोन्ही रज्जू निरनिराळे आणि खालीवर अंतर ठेवून दाबावयाचे. एकाच रेषेंत दाबले तर खालच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते. वृषण पुढें हळूहळू सुकतात. माशी बसावयास जखमच नाहीं.

दुसराही एक प्रश्न होता. उत्तम खोंड नांगराला जात आणि मागें राहिलेला खुरटा गाईंमध्यें फिरे; वंश उतरत गेला तो असा. मुंबई इलाख्याच्या 1933 च्या पशुसुधारणा कायद्यानें, तो लागू केलेल्या भागांत, परवाना नसलेला वळू खच्ची करण्याची तरतूद केली. परंतु शेजारचें बार्शी इलाख्यांत, आणि परांडा निजामाच्या राज्यांत! कायद्याला हद्द होती. मोकाट वळूला ती कोठून असावी? निजामी 1948 सालीं संपली आणि 1956 सालीं हा भाग मुंबई राज्यांत आला. आतां चिमटा लावण्यापूर्वीं पशुवैद्य बधिरतेचें औषध टोंचतो.